विंग लोडिंग : एक आकडा, आणि त्यात न मावणारी गोष्ट

(ऐकायचं असेल तर वर प्लेचं बटण आहे. खाली या भागाचं लिखित रूप, थोडं साफसूफ करून.)

टँडमच्या भागानंतर बरेच मेसेज आले. बहुतेकांचा प्रश्न एकच, "भीती वाटते का?" वाटते. पुढचा प्रश्न.

एक मेसेज मात्र वेगळा होता, आणि आजचा अख्खा भाग त्याच्यावरच आहे. मेसेज पाठवणारी मूळची नाशिकची, सध्या अमेरिकेत एमएस करते. तिच्या ३८ उड्या झाल्यात, ए लायसन्स मिळालंय. आतापर्यंत ती ड्रॉपझोनची भाड्याची १९० ची कॅनोपी वापरत होती. आता तिथला एकजण आपली जुनी रिग विकतोय. मेन कॅनोपी १३५, रिझर्व्ह १२६, भाव एकदम परवडेल असा. तो तिला म्हणाला, "तुझं वजनच किती! तुझं विंग लोडिंग १.०६ येतंय. नवशिक्यांना १ पर्यंत चालतं. पॉइंट शून्य सहाने काय होणारे?"

तिचा प्रश्न : घेऊ का?

उत्तर आत्ताच सांगून टाकतो. नको घेऊस. आणि १.०६ हा आकडा १ पेक्षा मोठा आहे, हे त्यातलं सगळ्यात छोटं कारण आहे. मोठं कारण त्या आकड्यात दिसतच नाही. ते समजायला आधी तो आकडा नीट समजून घ्यायला लागेल.

छत्री नव्हे, पंख

मराठीत पॅराशूटला आपण हवाई छत्री म्हणतो. शब्द गोड आहे, पण आजच्या स्पोर्ट पॅराशूटला तो लागू होत नाही. जुन्या युद्धपटांत सैनिक जे गोल पॅराशूट घेऊन उतरतात, ती खरी छत्री. ती हवा अडवते, म्हणून तुम्ही हळू पडता. आजची चौकोनी कॅनोपी हवा अडवत नाही, ती उडते. एक मीटर खाली येताना साधारण अडीच-तीन मीटर पुढे जाते. म्हणजे तो कापडाचा पंख आहे आणि तुम्ही त्याचे पायलट.

ही कल्पना मुळात एका पतंगवाल्याची. डोमिना जॅल्बर्ट नावाचा माणूस. फुगे आणि पतंग बनवण्यात त्याचं आयुष्य गेलं. त्याने कापडाचे दोन थर घेतले, मध्ये कापडी पडद्यांनी कप्पे पाडले आणि पुढची कड उघडी ठेवली. पुढून हवा आत घुसते, कप्पे फुगतात आणि कापडाला विमानाच्या पंखासारखा आकार येतो. १९६६ मध्ये त्याला त्याचं पेटंट मिळालं. आजची प्रत्येक स्पोर्ट कॅनोपी याच तत्त्वावर चालते.

पंख म्हटला की पहिला प्रश्न येतो : पंख केवढा आणि त्याच्यावर वजन किती? हेच विंग लोडिंग. एकूण वजन पौंडात, भागिले कॅनोपीचं क्षेत्रफळ चौरस फुटांत. बस, एवढंच. कॅनोपीच्या नावापुढे जो १९०, १७०, १५० असा आकडा असतो, ते तिचं चौरस फुटातलं क्षेत्रफळ. (पौंड आणि फूट का, तर या खेळाचं मार्केट अमेरिकेने घडवलं. आपल्या कामशेतला पॅराग्लायडिंग करणारी मंडळी हेच किलो आणि चौरस मीटरमध्ये बोलतात.)

जरा अंदाज यावा म्हणून सांगतो. शिकाऊ स्कायडायव्हर साधारण ०.७ ते ०.९ वर उडतो. कामशेतचा पॅराग्लायडर ९० किलो एकूण वजन घेऊन २६ चौरस मीटरच्या पंखाखाली उडत असेल, तर पौंड-फुटांत तेही ०.७ च्या आसपासच येतं. सेस्ना १७२ हे चार सीटचं छोटं विमान पूर्ण भरलं की १४ वर असतं. आणि कॅनोपी स्पर्धेत जमिनीला घासून सूसू करत जाणारे जे स्वूपर तुम्ही रील्समध्ये बघता, ते २ च्या बरेच वर, काही तर ३ च्या जवळ. ते आपल्यासाठी नाही. निदान अजून हजार उड्या तरी नाही.

वजन कुणाचं धरायचं?

इथे बरेचजण पहिल्याच पायरीवर गडबडतात. आकडेमोडीतलं वजन तुमचं नाही. ते 'एक्झिट वेट' आहे, म्हणजे विमानाच्या दारातून बाहेर पडताना तुमच्यासकट जे जे काही पडतंय त्या सगळ्याचं वजन. तुम्ही, बूट, जंपसूट, हेल्मेट, अल्टिमीटर, कंटेनर, मेन, रिझर्व्ह, सगळं. स्वतःची स्पोर्ट रिग आणि बाकी सामान मिळून सहज १० ते १२ किलो होतं. शिकाऊंची रिग त्याहून जड असते.

त्यामुळे जिममधलं वजन आठवून हिशोब करू नका. सगळं अंगावर चढवा आणि काट्यावर उभे राहा. दिवाळीनंतर परत एकदा उभे राहा. मी गंमत करत नाहीये. चार किलो वाढले तर १५० च्या कॅनोपीवर आकडा जवळपास ०.०६ ने वर जातो.

आपल्या मैत्रिणीचं वजन ५४ किलो, सामान ११ किलो. एकूण ६५ किलो, म्हणजे १४३ पौंड. आता भागाकार करू. १९० वर ०.७५. १७० वर ०.८४. १५० वर ०.९५. आणि १३५ वर १.०६. विकणाऱ्याचं गणित बरोबर होतं. गणिताबद्दल माझी काही तक्रार नाही.

वेग वर्गमुळाने वाढतो, धडक नाही

बारावीचं फिजिक्स एक मिनिट आठवा. पंखाने तयार केलेला उचल-जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. स्थिर उडताना पंखाला तुमचं वजन तोलायचं असतं. वजन तेच ठेवून पंख लहान केला, तर तेवढंच वजन तोलायला त्याला जास्त वेगाने जावं लागतं. म्हणून सरळ उडण्याचा वेग विंग लोडिंगच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो.

उदाहरण घ्या. समजा ०.७ वर एखादी कॅनोपी ताशी ३५ किलोमीटरने जाते. त्याच डिझाइनची, पण निम्म्या आकाराची कॅनोपी लावली, म्हणजे १.४ झाले. वेग दुप्पट नाही होणार, १.४१ पट होणार. म्हणजे ताशी साधारण ५० किलोमीटर. ऐकायला ठीक वाटतं, नाही का? स्कूटीचा वेग.

पण शरीराला वेग लागत नाही, ऊर्जा लागते. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. वर्गमुळाचा वर्ग केला की आपण परत मूळ आकड्यावर. म्हणजे विंग लोडिंग दुप्पट झालं की जमिनीवर सोबत आणलेली ऊर्जाही दुप्पट. हे एकदा डोक्यात बसलं की हिशोब फार सोपा होतो : विंग लोडिंग जितक्या टक्क्यांनी वाढलं, तितक्याच टक्क्यांनी मार वाढला.

आपल्या मैत्रिणीचं बघू. १९० वरून १३५ वर गेली तर तिचं लोडिंग ४१ टक्क्यांनी वाढतं. वेग साधारण १९ टक्क्यांनी, आणि फ्लेअर चुकला तर बसणारा मार ४१ टक्क्यांनी. 'पॉइंट शून्य सहा' म्हणणारा माणूस १ पासून मोजत होता. तिने मोजायचं ते आज ज्यावर उडतेय त्या ०.७५ पासून. आपली सवय, आपले डोळे, फ्लेअर नेमका कधी मारायचा याचा आपला अंदाज, हे सगळं त्या ०.७५ वर घडलंय.

(फ्लेअर म्हणजे उतरताना दोन्ही टॉगल एकत्र खाली ओढणं. पंखाची मागची कड खाली येते, पुढे जाण्याच्या वेगाचं रूपांतर क्षणभर जादा उचलीत होतं आणि तुम्ही अलगद टेकता. लवकर मारला तर उंचावर वेग संपतो आणि तुम्ही धपकन खाली. उशिरा मारला तर काय, ते सांगायला नको.)

आकड्यात न दिसणारी गोष्ट

आता मूळ मुद्द्यावर येतो. जरा लक्ष देऊन ऐका, कारण हे बारीक चणीच्या लोकांसाठी आहे. आपल्याकडच्या कितीतरी मुलींसाठी आणि माझ्यासारख्या काडी पैलवानांसाठीही.

दोन माणसं घ्या. एक उंच, धिप्पाड गडी, एक्झिट वेट १०४ किलो, म्हणजे २२९ पौंड. त्याची कॅनोपी २३० ची. विंग लोडिंग १. दुसरी आपली मैत्रीण, १४३ पौंड. समजा तिला बरोबर १४३ चौरस फुटांची कॅनोपी शिवून दिली. तिचंही विंग लोडिंग १. दोघांच्या कॅनोपीचं डिझाइन अगदी सारखं. दोघं सरळ उडताहेत. वेग? जवळपास सारखाच. इथपर्यंत आकडा खरं बोलतो.

आता दोघांनी एक-एक टॉगल ओढून वळण घेतलं. आणि इथे त्या दोघांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

का, ते सांगतो. कॅनोपी लहान केली की तिच्या दोऱ्याही त्याच प्रमाणात आखूड होतात. क्षेत्रफळ २३० वरून १४३ झालं तर लांबी-रुंदी आणि दोऱ्या साधारण २१ टक्क्यांनी कमी होतात. कॅनोपीखाली लटकलेला माणूस म्हणजे लंबक. लांब दोरीचा झोपाळा संथ झुलतो, आखूड दोरीचा चटचट. लहान पंखाखाली तुम्ही लवकर बाहेर फेकले जाता, पंख लवकर तिरका होतो आणि लवकर नाक खाली घालतो. शिवाय तुमचे हात काही कॅनोपीच्या मापाने आखूड झालेले नसतात. टॉगल दहा सेंटिमीटर ओढणं मोठ्या पंखाला किरकोळ वाटतं. लहान पंखासाठी तेच दहा सेंटिमीटर त्याच्या आकाराच्या मानाने मोठी आज्ञा असते.

थोडक्यात, तोच आकडा, पण एकाकडे एसटी बस आणि दुसरीकडे रेसिंग बाइक. एसटीचं स्टिअरिंग झटकन फिरवलं तर बस विचार करून वळते. बाइक विचार करत नाही.

म्हणून 'नवशिक्यांना १ पर्यंत चालतं' हे वाक्य धिप्पाड माणसाच्या बाबतीत बऱ्यापैकी खरं असतं आणि ५४ किलोच्या मुलीच्या बाबतीत फसवं. उलट गंमत अशी, की तिलाच सगळे सांगत असतात, "तू हलकी आहेस, तुला लहान चालेल." हलकी आहे म्हणूनच तिने आकड्याच्या बाबतीत जास्त मागे राहायला हवं. १ वर नाही, त्याच्या बऱ्याच अलीकडे.

डिझाइनही आकड्यात दिसत नाही. कडा निमुळत्या होत गेलेली लंबगोल कॅनोपी आणि जवळपास आयताकृती कॅनोपी, दोघींचं क्षेत्रफळ १५०, दोघींवर तुम्हीच लटकलाय, विंग लोडिंग सेम. पण पहिली टॉगलला फार तिखट उत्तर देते आणि वळणातून सरळ व्हायला जास्त उंची खाते. जुनं, वापरून वापरून हवा पाझरायला लागलेलं कापड असेल तर फ्लेअरमध्ये दम राहत नाही. त्या कॅनोपीचं क्षेत्रफळ लेबलवर तेच असतं.

नीट उघडलेल्या पॅराशूटखाली

या खेळाबद्दल बाहेरच्या लोकांचा एक ठाम समज असतो : अपघात म्हणजे पॅराशूट उघडलं नाही. प्रत्यक्षात गेली कित्येक वर्षं जीवघेण्या अपघातांतला मोठा वाटा पूर्ण उघडलेल्या, काहीही न बिघडलेल्या कॅनोपीखालचा आहे. आणि त्यात वारंवार दिसणारा प्रकार म्हणजे जमिनीजवळ घेतलेलं वळण.

असं होतं बघा. तुम्ही उतरताय. शंभर फुटांवर लक्षात येतं की समोर कुंपण आहे, किंवा दुसरा कुणीतरी तुमच्या वाटेत येतोय, किंवा वारा पाठीमागून आहे. मेंदू ओरडतो, "वळ!" हात एक टॉगल खाली खेचतो. पंख तिरका होतो, बुडी मारतो, खाली येण्याचा वेग एकदम वाढतो. त्या बुडीतून कॅनोपी आपोआप सावरते, पण सावरायला उंची लागते. ती उंची तुमच्याकडे नाही.

आता हाच प्रसंग १९० खाली आणि १३५ खाली घडवून बघा. १९० आळशी आहे. तिने बुडी मारायच्या आत तुम्हाला कदाचित अर्धा सेकंद भानावर यायला मिळेल. १३५ तो अर्धा सेकंद देणार नाही. मोठी कॅनोपी तुमचं कौशल्य वाढवत नाही, तुमच्या घाबरण्याला थोडी उधारी देते. ३८ उड्यांवर ती उधारी लागतेच.

यावरचा उपाय लहान-मोठ्या सगळ्या कॅनोप्यांना सारखाच, म्हणून सांगून ठेवतो. जमिनीजवळ काहीही झालं तरी पहिलं प्राधान्य पंख सपाट ठेवण्याला. मग अडथळा टाळायचा, मग निदान अर्धा तरी फ्लेअर, आणि मग पाय एकत्र धरून गडगडत पडायचं, ज्याला पीएलएफ म्हणतात. वारा पाठीमागून आहे? असू दे. ताशी ४० ची कॅनोपी आणि १५ चा वारा, ५५ ने घसरत जाल, कपडे फाटतील, ढोपरं सोलवटतील. शेवटच्या क्षणी वळण मारून वाऱ्याकडे तोंड करण्यापेक्षा ते परवडलं. आणि वळायलाच लागलं तर आधी दोन्ही टॉगल अर्धे खाली घ्यायचे, मग एक थोडा जास्त. पंख फारसा तिरका न होता वळतो. याला फ्लॅट टर्न म्हणतात. हे तुमच्या इन्स्ट्रक्टरसमोर, वर दोन हजार फुटांच्या पुढे असताना शंभर वेळा करून बघायचं. पॉडकास्ट ऐकून ते हाताला येत नाही.

मग पुढे कधी जायचं?

ब्रायन जर्मेन नावाचे एक कॅनोपी डिझायनर आणि प्रशिक्षक आहेत, 'द पॅराशूट अँड इट्स पायलट' या पुस्तकाचे लेखक. त्यांचा एक नियम जगभर चालतो : सुरुवातीला कमाल १, आणि दर शंभर उड्यांमागे ०.१ ची वाढ. म्हणजे ३०० उड्यांवर कमाल १.३. लक्षात घ्या, ही कमाल मर्यादा आहे, गाठायचं टार्गेट नाही. लहान कॅनोपी असेल किंवा ड्रॉपझोन उंचावर असेल तर हा आकडा आणखी खाली घ्यायचा, हेही त्यातच आहे. विकणाऱ्याने हा भाग गाळला.

मला स्वतःला मात्र बिल व्हॉन नोव्हाक यांची पद्धत जास्त पटते. हेही स्कायडायव्हर, आणि पेशाने इंजिनिअर, त्यामुळे माझा थोडा पक्षपात समजा. ते म्हणतात, उड्या मोजू नका, आज ज्या कॅनोपीवर आहात तिच्यावर काय काय जमतं ते तपासा. पन्नास फुटांवर ९० अंशांचा फ्लॅट टर्न जमतो का? फ्लेअर करता करता ४५ अंश वळता येतं का? आडव्या वाऱ्यात, वारा अजिबात नसताना उतरता येतं का? दहा मीटरच्या वर्तुळात दरवेळी उतरता का? थोड्या चढावर, थोड्या उतारावर? टॉगल न वापरता मागच्या रायझर्सवर उतरता येतं का? यादी याहून थोडी लांब आहे, पण आशय कळला असेल. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर जुन्या व्हर्जनवर सगळ्या टेस्ट पास झाल्याशिवाय प्रॉडक्शनमध्ये नवं व्हर्जन टाकायचं नाही. फरक इतकाच, की इथे रोलबॅक नाही.

अमेरिकेत बी लायसन्ससाठी ५० उड्यांसोबत कॅनोपी कोर्सही करावा लागतो. आपल्या मैत्रिणीच्या अजून १२ उड्या कमी आहेत. माझा सल्ला, रिग सोड, आधी तो कोर्स कर, भाड्याच्या १९० वरच कर. मग १७० घे, तिच्यावर निवांत शे-दीडशे उड्या मार. १७० वर तिचं लोडिंग ०.८४ येतं, आणि तिच्या वजनाला ते अजिबात 'कमी' नाही. १५० चं नंतर बघू. एका वेळी एकच पायरी. १९० वरून १३५ म्हणजे १७० आणि १५० अशा दोन पायऱ्या गाळून तिसरीवर उडी. जिन्यातही आपण असं करत नाही, हातात सामान असेल तर.

रिझर्व्हबद्दल कुणी विचारत नाही

वापरलेली रिग घेताना सगळी चर्चा मेन कॅनोपीची. पण त्या कंटेनरमध्ये दुसरा पंखही आहे, १२६ चा. त्यावर तिचं लोडिंग १.१३. मेनपेक्षाही जास्त!

आता विचार करा, रिझर्व्ह कधी वापराल? मेन बिघडलंय, तुम्ही ते कापून टाकलंय, उंची कमी झालीय, हृदय तोंडात आलंय, आणि ड्रॉपझोन सोडून कुठल्यातरी अनोळखी शेतात उतरायचंय. आणि ती त्या कॅनोपीवरची तुमची आयुष्यातली पहिली फ्लाइट. किंवा त्याहून वाईट, तुम्ही बेशुद्ध आहात आणि ऑटोमॅटिक यंत्राने रिझर्व्ह उघडलंय. मग फ्लेअर मारायला कुणीच नाही. ज्या कॅनोपीखाली बेशुद्धावस्थेत जमिनीवर आपटायची शक्यता आहे, ती मोठी असलेली बरी.

कंटेनरचीही एक मेख आहे. तो ठरावीक मापाच्या कॅनोपीसाठी शिवलेला असतो. १३५ च्या कंटेनरमध्ये १७० कोंबता येत नाही. म्हणजे "आत्ता घेते, मोठी मेन टाकून वापरते" ही पळवाटही बंद. स्वस्त रिग बऱ्याचदा याच कारणासाठी स्वस्त असते : जिला ती बसते, तिला ती नको असते.

जास्त मोठी पण नको

मग २८० च घेऊन टाकावी का? तेही नाही. १४३ पौंडांवर २८० म्हणजे ०.५१. इतक्या हलक्या लोडिंगवर पंखाचा वेगच इतका कमी, की समोरून बऱ्यापैकी वारा आला तर तुम्ही जागच्या जागी लटकता. अजून वाढला तर मागे मागे जायला लागता, ड्रॉपझोनच्या बाहेर, हायवेकडे. खळबळ असलेल्या हवेत असा पंख जास्त हेलकावतो. यूएसपीए या अमेरिकेतल्या संघटनेने शिकाऊंना वाऱ्याची मर्यादा ताशी १४ मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर घातलीय. मोठ्या, संथ कॅनोपीचा वेग लक्षात घेतला की ती मर्यादा एवढी खाली का, ते समजतं.

शेवटचं : हवा

वेगाच्या त्या सूत्रात वजन आणि क्षेत्रफळाशिवाय तिसरी गोष्ट असते, हवेची घनता. हवा विरळ झाली की तोच पंख, तेच वजन, पण वेग जास्त. आणि हे तुम्हाला कुठल्याच लेबलवर दिसणार नाही.

कोलोरॅडोत डेन्व्हरच्या जवळ लाँगमाँटला ड्रॉपझोन आहे, समुद्रसपाटीपासून साधारण ५,००० फुटांवर. तिथे उन्हाळ्यात ३२ अंश तापमान असेल, तर हवेची घनता समुद्रकाठच्या प्रमाण हवेच्या जेमतेम ७८ टक्के भरते. वेग सुमारे १३ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे तिथे १५० वरचं तुमचं ०.९५ हे वेगाच्या हिशोबाने समुद्रकाठच्या १.२ सारखं वागतं. किनाऱ्यावर शिकलेला माणूस सुट्टीत तिथे गेला, आणि आपलीच रोजची कॅनोपी घेऊन उतरला, तरी जमीन रोजच्यापेक्षा वेगाने अंगावर येते. फ्लेअरचा अंदाज चुकायला एवढं पुरतं.

आपल्या पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०२३ मध्ये एव्हरेस्टसमोर हेलिकॉप्टरमधून उड्या मारल्या, तेव्हा बातम्यांत सगळीकडे उडीच्या उंचीचे आकडे होते. मला तेव्हापासून जास्त कुतूहल उतरण्याच्या जागेचं आहे. १७,००० फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या ५९ टक्के असते. तिथे कुठलीही कॅनोपी तब्बल ३० टक्के जास्त वेगाने जमिनीकडे येते. आपण मात्र बातमीत फक्त 'किती उंचावरून' एवढंच विचारतो.

तर नाशिकच्या मैत्रिणी, विकणाऱ्याला सांग, रिग छान आहे, पण दुसरं गिऱ्हाईक बघ. आणि तुझ्या इन्स्ट्रक्टरशी हे सगळं एकदा बोलून घे, त्याने तुला उतरताना बघितलंय, मी नाही. १७० ची डेमो कॅनोपी ड्रॉपझोनवर मिळते का विचार. वापरलेली घेतलीस तर रिगरकडून तपासून घेतल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

पुढच्या भागात ते रिझर्व्ह उघडणारं ऑटोमॅटिक यंत्र, त्याला कसं कळतं की आपण पडतोय आणि उतरत नाहीये. तोपर्यंत काट्यावर सगळं सामान घालून उभे राहा आणि तुमचा आकडा मला पाठवा. कॅनोपीचं माप आणि डिझाइन पण लिहा, नुसत्या आकड्यावरून मी काही सांगणार नाही.